धारेला जिल्हई देणारे दगड: खाणीपासून मायक्रॉनपर्यंत

सुरीच्या धारेला जिल्हई देणारा बारीक दगड घ्यायचा म्हटलं की आज पहिला प्रश्न येतो, 'किती नंबरचा?' पूर्वी विचारत, 'कुठल्या खाणीचा?' इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने दगडांची प्रतवारी लिहून ठेवली, तीही स्थळांवरूनच: तेलावर चालणाऱ्यांत आधी क्रीटचा, मग लॅकोनियाचा, पाण्यावर चालणाऱ्यांत आधी नॅक्सॉस बेटाचा, मग आर्मेनियाचा. तेलाचा दगड आणि पाण्याचा दगड हा भेद इतका जुना आहे.

या परंपरेतले तीन दगड आजही वापरात आहेत. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल वस्तऱ्यासाठी नावाजलेला. त्यात साधारण ३० ते ४० टक्के गार्नेट या कठीण खनिजाचे कण असतात, काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि गोलसर, म्हणून चरे उथळ पडतात. पाण्याचे थेंब टाकून त्याच जातीचा छोटा तुकडा वर घासला की दुधासारखा लगदा सुटतो. लगदा दाट असतो तोवर दगड भरभर कापतो. पाणी घालत तो पातळ करत नेला आणि शेवटी नितळ पाण्यावर आलं की जिल्हई येते. दाट लगद्यावरच थांबलं तर धार बोथटसर राहते, कारण मोकळे कण तिच्या टोकावर आपटत राहतात.

अमेरिकेतल्या वॉशिटा डोंगरांतला आर्कान्सा दगड म्हणजे नोव्हॅक्युलाइट, जवळजवळ शुद्ध सिलिका. त्याचं नावच वस्तऱ्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून पडलं. मऊ, कठीण, काळा, अर्धपारदर्शक या त्याच्या जाती कणांच्या आकारापेक्षा घट्टपणावरून ठरतात. म्हणून त्याला ग्रिटचा, म्हणजे कणांच्या बारीकपणाचा, नंबर (जितका मोठा तितका दगड बारीक) चिकटवलेला दिसला, तर तो अंदाज समजावा. तिसरा क्योटोच्या आसपासच्या खाणींतला जपानी आवासेदो. कठीण पोलाद आणि मऊ लोखंड जोडून केलेल्या पात्यावर तो पोलाद चमकवतो आणि लोखंडावर धुक्यासारखी झाक आणतो. बहुतेक खाणी बंद झाल्याने किमती फार चढल्या आहेत. पहिलाच दगड म्हणून तो घेऊ नये.

हे तिन्ही दगड साध्या कार्बन पोलादाच्या काळातले, आणि निवड करताना हीच गोष्ट लक्षात ठेवायची. चांगलं पाणी दिलेलं पोलाद कठीणपणाच्या विकर्स मापावर ७०० ते ८०० भरतं, क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाचं खनिज, त्याहून कठीण, म्हणून काम होतं. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीने स्टेनलेस पोलाद ओतलं आणि पुढे सुऱ्यांत क्रोमियमची कार्बाइडं, म्हणजे धातू आणि कार्बन मिळून झालेले कठीण कण, आली. ती क्वार्ट्झलाही भारी पडतात.

त्यांच्यासाठी कुरुंद, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं कठीण खनिज, हवा. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द तमिळ 'कुरुंदम'वरून गेला. आपल्याकडे कुरुंदाची पूड लाखेत कालवून सहाणेची चाकं होत. कृत्रिम दगडांची वाट १८९१ मध्ये एडवर्ड अ‍ॅचेसनच्या कार्बोरंडमने (सिलिकॉन कार्बाइडने) खुली केली. त्या दशकाच्या अखेरीस बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून कृत्रिम कुरुंदही होऊ लागला. आजचे बहुतेक बारीक पाणदगड या दुसऱ्याचेच.

आकडे आले ते या कृत्रिम दगडांबरोबर, आणि घोटाळाही. जपानी मापात १००० म्हणजे सुमारे ११.५ मायक्रॉन, ३००० म्हणजे ४, ६००० म्हणजे २ आणि ८००० म्हणजे १.२. युरोपच्या 'एफ' मापात मात्र १००० म्हणजे ४.५ मायक्रॉन, म्हणजे जपानी ३००० च्या जवळ. दुकानदाराला नंबर न विचारता मायक्रॉन विचारावेत.

स्वयंपाकघरातली साधी स्टेनलेस सुरी कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५४ ते ५८ ची असते. तिला जपानी मापातला १००० ते ३००० पुरे. त्यापुढे घासलेली धार टोमॅटोच्या सालीवरून घसरते आणि चकाकी टिकतही नाही. ६० च्या वरच्या पात्याला १०००, ३०००, मग ६००० किंवा ८००० हा क्रम लाभतो. १००० वरून थेट ८००० वर उडी मारली तर उंचवटेच चमकतात, खोल चरे तसेच राहतात. आणि १००० वरच बर, म्हणजे घासताना धारेवर वळून राहणारी धातूची बारीक कड, काढून टाकली नाही, तर बारीक दगड त्या बरीलाच जिल्हई देतो: सुरी केस कापते, पण पाटावर चार घाव बसताच मऊ पडते. बर काढताना बाजू बदलत, धार पुढे ठेवून, सुरीच्या वजनाइतक्याच दाबाने घासावं.

बारीक दगडावर जाण्याआधी पातं आणि हात धुवावेत. जाड दगडाचा एक कणही खोल चरा पाडतो. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून डायमंड प्लेटवर घासावं; रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या की तो सपाट झाला. मॅग्नेशिया किंवा रेझिनने बांधलेले दगड भिजत घालू नयेत, तडकतात किंवा मऊ पडतात. वर पाणी शिंपडलं की झालं.

१९७० नंतर पावडरपासून बनवलेली, भरपूर व्हॅनेडियमची पोलादं बाजारात आली. व्हॅनेडियम कार्बाइड कुरुंदाहूनही कठीण. अशा पात्यावर कुरुंदाचा बारीक दगड कार्बाइडभोवतीचं मऊ पोलाद तेवढं खातो, आधार गेलेला कण धारेतून निखळतो. तिथे हिराच लागतो. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला, त्यामुळेच तो आज सुरीच्या दगडात परवडतो. अशा पात्यासाठी नैसर्गिक दगडावर पैसे न घालता १ ते ३ मायक्रॉनचा रेझिनबंद हिऱ्याचा दगड घ्यावा.