हेब्रेअर (नाणे)

हेब्रेअर : डेन्मार्क-नॉर्वेचा राजा चौथा क्रिस्तियान (कारकीर्द १५८८–१६४८) याच्या अखेरच्या वर्षांत, १६४४ ते १६४८ दरम्यान पाडलेली चांदीची नाणी. डॅनिशमध्ये ‘हेब्रेअर’ म्हणजे हिब्रू माणूस. नाण्यावर हिब्रू अक्षरे आहेत, म्हणून हे नाव पडले. त्यांत दोन मार्क आणि एक मार्कची नाणी विशेष परिचित आहेत. त्या काळी १६ स्किलिंगचा एक मार्क आणि ६ मार्कांचा एक रिग्सडालर होत असे.

डिसेंबर १६४३ मध्ये स्वीडनचा सेनापती टोर्स्टेन्सन युद्ध जाहीर न करताच डॅनिश राजाच्या मुलखात घुसला. क्रिस्तियान तेव्हा साठी ओलांडलेला होता. तरी १ जुलै १६४४ रोजी कोलबर्गर हायडेच्या आरमारी लढाईत तो स्वतः जहाजावर उभा होता आणि तिथे त्याचा एक डोळा गेला. ‘धर्मनिष्ठा राज्ये बळकट करते’ या अर्थाचे लॅटिन वचन हे त्याचे एरवीचे बोधवाक्य. हेब्रेअरवर मात्र दुसराच मजकूर आला : ‘युस्टुस’, त्याखाली योद-हे-वाव-हे ही देवनामाची चार हिब्रू अक्षरे, आणि मग ‘यूडेक्स’. म्हणजे ‘यहोवा हाच न्यायी न्यायाधीश’. शत्रूने दगा दिला, आता निवाडा देवानेच करावा, अशी ही फिर्यादच म्हणायची, आणि ती बाजारातल्या हातोहाती फिरणारी.

हिब्रू पाहून कुणा ज्यू टांकसाळवाल्याचा यात हात असावा, असे वाटण्याचा मोह होतो. त्याची गरज नाही. प्रॉटेस्टंट युरोपात ही चार अक्षरे तेव्हा सर्रास वापरली जात. खुद्द स्वीडनच्या चौदाव्या एरिकने आणि नवव्या कार्लने ती आपल्या नाण्यांवर आधीच घातली होती. ज्याच्या दरबारात दाद मागायची, तो देव दोन्ही पक्षांचा एकच होता. ऑगस्ट १६४५ च्या ब्रोमसेब्रोच्या तहात डेन्मार्कला येम्टलांड, हेर्येडालेन, गॉटलंड आणि ओसेल हे प्रदेश सोडावे लागले, शिवाय हालांड ३० वर्षांसाठी. निकाल असा विरुद्ध गेल्यावरही राजाने नाण्यावरची फिर्याद मागे घेतली नाही.

जाता जाता : १६२० मध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीत डॅनिश ठाणे बसले ते याच राजाच्या काळात. पुढे तंजावर मराठ्यांकडे आल्यावर त्या ठाण्याचा वार्षिक खंड भोसल्यांच्या दरबारात जाऊ लागला.

डॅनिश नाण्यांच्या संग्राहकांत लार्स एमिल ब्रून (१८५२–१९२३) याचे नाव आधी घ्यावे लागते. लोण्याच्या व्यापारात त्याने अमाप पैसा मिळवला आणि डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनची नाणी, पदके, नोटा मिळून सुमारे २०,००० वस्तू जमवल्या. पहिल्या महायुद्धातील विध्वंस पाहून त्याने मृत्युपत्रात एक विलक्षण अट घातली : कोपनहेगनचा राष्ट्रीय नाणेसंग्रह युद्धात नष्ट झाला तर आपला संग्रह त्याच्या जागी उभा राहावा, यासाठी तो १०० वर्षे कुणी विकू नये. तसा प्रसंग आला नाही. मुदत संपल्यावर, सप्टेंबर २०२४ मध्ये कोपनहेगनला पहिला लिलाव झाला. त्यात राजा हान्सचे १४९६ चे एक सोन्याचे नाणे १२ लाख युरोंना गेले. त्याआधी डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने या संग्रहातल्या सात वस्तू आपल्यासाठी विकत घेतल्या होत्या.