टेम्पररी

ठरावीक किंवा मर्यादित काळापुरत्या गोष्टीला लावले जाणारे इंग्रजी विशेषण. विरुद्धार्थी शब्द : परमनंट.

हा शब्द लॅटिन 'टेम्पोरारिउस'वरून आला असून त्याच्या मुळाशी 'टेम्पुस' (काळ) हे नाम आहे. 'टेम्पुस'ची व्युत्पत्ती मात्र वादग्रस्त आहे. काही अभ्यासक ती 'कापणे' या अर्थाच्या इंडो-युरोपीय धातूशी जोडतात. ग्रीक 'टेम्नो' (मी कापतो) त्याच कुळातला. या मताने काळ हा कापून वेगळा काढलेला तुकडा ठरतो. दुसरे मत 'ताणणे' या अर्थाच्या धातूकडे जाते. संस्कृत 'तन्' आणि त्यापासूनचा 'तंतू' हे त्याचे सगोत्र. लिथुएनियन भाषेत 'ताणणे' या अर्थी 'टेम्प्टी' असे क्रियापद आहे आणि त्यातला 'प' लॅटिन शब्दातल्या 'प'शी जुळतो. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

इंग्रजीत हे विशेषण साधारणपणे सोळाव्या शतकाच्या मध्यापासून आढळते. त्याच मुळाचा 'टेम्पोरल' हा शब्द त्याहून जुना. आरंभी दोहोंचे अर्थ एकमेकांत मिसळत. शाश्वताच्या उलट ते ऐहिक, या अर्थानेही टेम्पररी वापरला जाई. पुढे हा अर्थ 'टेम्पोरल'कडेच राहिला.

अवधी किती, हे टेम्पररी सांगत नाही. शेवट अपेक्षित आहे एवढेच सांगतो. हा भेद ध्यानात न घेता त्याचे भाषांतर सरसकट 'अल्पकालीन' असे केले जाते, ते चूक आहे. ब्रिटनमध्ये १८४२ साली प्राप्तिकर तीन वर्षांसाठी म्हणून पुन्हा बसवण्यात आला. तो आजही कायद्याने टेम्पररीच आहे : दर वर्षी ५ एप्रिलला त्याची मुदत संपते आणि संसदेला तो नव्याने मंजूर करावा लागतो. पावणेदोनशेहून अधिक वर्षे चाललेल्या कराला अल्पकालीन कसे म्हणावे?

जवळच्या शब्दांपैकी 'प्रोव्हिजनल'मध्ये पक्की व्यवस्था होईपर्यंतची सोय अभिप्रेत असते. 'एफेमरल' मुळात ग्रीक, 'एका दिवसाचा'; त्यात क्षणभंगुरतेची छटा आहे. 'मोमेंटरी' क्षणापुरता.

मराठी पर्यायांत 'हंगामी' हा रचनेने सर्वांत जवळचा, कारण फार्सी 'हंगाम'चा अर्थही काळ, वेळ असाच आहे. 'तात्पुरता'मधल्या 'पुरता'त काळापेक्षा मर्यादेवर भर आहे : तेवढ्यापुरते, मग ते कितीही दिवस चालो. अर्थाच्या दृष्टीने तोच अधिक नेमका.