लंडनमध्ये बांधकाम परवानगी मिळतच नाही?

इंग्लंडात घर वाढवायचं म्हटलं की हमखास ऐकू येतं: ईशान्येला डोळे झाकून मंजुरी, लंडनमध्ये नकार ठरलेलाच. लंडनचं प्रमाण कमी आहे, हे खरं. पण तिथेही बहुसंख्य अर्ज मंजूरच होतात. देशभरात 10 पैकी 8 हून अधिक. शिवाय ही टक्केवारी फक्त निर्णय झालेल्या अर्जांची. नकाराची चाहूल लागताच मागे घेतलेले अर्ज त्यात धरतच नाहीत! लंडनमध्ये दाटीवाटी, वारसा-संरक्षित भाग, शेजाऱ्यांच्या उजेडाचे प्रश्न जास्त. म्हणजे मुळात अर्जच अवघड. तेव्हा टक्केवारीवरून कौन्सिल (परवानगी देणारी स्थानिक संस्था) कडक की सैल, हे कळत नाही. तुमच्या रस्त्यावरचे जुने निर्णय कौन्सिलच्या नोंदींत सर्वांना खुले असतात, ते वाचा.