दरीतली झाडमाणसं आणि उपासाची रताळी

'द गॉर्ज' हा चित्रपट ॲपलच्या ओटीटीवर आला तो १४ फेब्रुवारी २०२५ला, म्हणजे बरोबर व्हॅलेंटाइन डेचा मुहूर्त साधून. दिग्दर्शक स्कॉट डेरिक्सन. धुक्यानं भरलेली एक खोल दरी, तिच्या दोन काठांवर दोन मनोरे, एकात माइल्स टेलर आणि दुसऱ्यात आन्या टेलर-जॉय. दोघंही पट्टीचे नेमबाज. दरीतून जे काही वर चढेल त्याला गोळी घालायची आणि समोरच्या मनोऱ्याशी बोलायचं नाही, एवढीच नोकरी. दुसरी अट अर्थातच फार दिवस टिकत नाही. मोठ्या अक्षरांत लिहिलेले कागद दुर्बिणीतून वाचत वाचत दोघांचं जुळतं. चित्रपटाचा हा भाग चक्क प्रेमपट आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात छान जमलाय. मग दोघं खाली दरीत पोचतात आणि भयपट सुरू होतो. (पुढे रहस्यभेद आहे. ज्यांना चित्रपट कोरा पाहायचाय त्यांनी तो आधी उरकून यावा.)

खाली असतात झाडं आणि माणसं यांची सरमिसळ होऊन तयार झालेले जीव. खुलासा असा, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे जैवरासायनिक अस्त्रांची गुप्त प्रयोगशाळा होती. भूकंपात ती फुटली आणि जे काही सांडलं, त्यानं दरीतल्या सजीवांचे डीएनए एकमेकांत मिसळून टाकले.

बारावीला जीवशास्त्र घेतलेला कुणीही इथे हसेल. पण एका जातीचं जनुक उचलून भलत्याच जातीत जाऊन बसणं, ही गोष्ट निसर्गात खरोखर घडते. आईबापांकडून मुलांकडे जाणारा वारसा उभा, तर हा आडवा. जिवाणूंमध्ये तर तो रोजचाच व्यवहार आहे. एखाद्या अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे सहज जातं, आणि डॉक्टरांची झोप उडते ती त्यामुळेच.

झाडांच्या बाबतीत हे काम ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू करतो. गुलाबाच्या किंवा द्राक्षाच्या खोडावर जमिनीलगत कधीकधी खडबडीत, लाकडासारखी टणक गाठ दिसते, ती याचीच करणी. खोडाला जखम झाली की तिथून हा चिकटतो आणि आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत ढकलतो. तो तुकडा झाडाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. त्यातली काही जनुकं वाढीची संप्रेरकं तयार करतात, म्हणून पेशी बेसुमार वाढून गाठ होते. बाकीची ओपाइन नावाची रसायनं बनवून घेतात, जी झाडाच्या काहीच उपयोगाची नाहीत आणि या जिवाणूचं मात्र आवडतं अन्न आहेत. म्हणजे झाडाच्या घरात शिरून, झाडाच्याच खर्चानं स्वतःचा डबा लावून घ्यायचा! जिवाणूचा तुकडा झाडाच्या पेशीत सापडतो हे मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी १९७७मध्ये दाखवलं. पुढे शास्त्रज्ञांनी हाच जिवाणू हाताशी धरला. भारतात २००२मध्ये मंजुरी मिळालेल्या आणि विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांत पसरलेल्या बीटी कापसात कीडनाशक जनुक घातलं गेलं ते याच वाटेनं.

आणि हे फक्त प्रयोगशाळेतच होतं असंही नाही. २०१५मध्ये लागवडीखालच्या रताळ्यांचे २९१ नमुने तपासले, तर एकूण एक नमुन्यात ॲग्रोबॅक्टेरियमची जनुकं निघाली. माणसानं ती घातलेली नव्हती. एकादशीला आपण जी रताळी उकडतो, ती निसर्गानंच जनुकबदल केलेली आहेत. जीएम अन्नावरच्या वादात हा मुद्दा काढला की दोन्ही बाजूंचे लोक जरा अस्वस्थ होतात, असा अनुभव आहे.

झाडाचं जनुक प्राण्यात जाणं त्याहून दुर्मीळ, पण तेही घडलंय. कापूस, टोमॅटो, मिरची लावणाऱ्यांना पांढरी माशी काय चीज आहे ते सांगायला नको. झाडं बचावासाठी जी विषारी संयुगं तयार करतात, त्यांतली काही ही माशी निष्प्रभ करते. ते ज्या जनुकामुळे साधतं, ते तिनं कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडाकडूनच मिळवलेलं आहे, हे चिनी शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये दाखवून दिलं. चोराकडे मालकाचीच किल्ली! मात्र माशीला त्यामुळे पानं फुटलेली नाहीत. चित्रपट घसरतो तो इथे. एक जनुक म्हणजे एका प्रथिनाची कृती. हात किंवा फांदी घडायची तर शेकडो जनुकांनी गर्भावस्थेपासून ठरल्या क्रमानं काम करावं लागतं. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. त्यांतल्या काहींत परकं जनुक शिरलंच, तरी बहुतेक वेळा काही होत नाही. फार तर पेशी मरते किंवा कर्करोग होतो. आणि ते जनुक अंडपेशीत वा शुक्राणूत पोचलं नाही, तर पुढच्या पिढीला त्याचा पत्ताही लागत नाही.

माणूस आणि वनस्पती यांच्या पेशी जोडून पाहण्याचा उद्योगही झालाय. १९७६मध्ये तंबाखूच्या पेशींची भिंत काढून टाकून त्या माणसाच्या कर्करोगपेशींशी एकजीव केल्या गेल्या. पेशी जुळल्या, सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. त्यातून ना माणूस उगवला ना तंबाखू.

आपल्या स्वतःच्या डीएनएत मात्र परक्यांचा सुळसुळाट आहे. त्यातला सुमारे ८ टक्के भाग म्हणजे जुन्या रेट्रोविषाणूंचे, म्हणजे आपली जनुकं पेशीच्या डीएनएत घुसवणाऱ्या विषाणूंचे, अवशेष आहेत. बहुतेक निकामी, पण सगळे नाहीत. सिन्सिटिन नावाचं एक प्रथिन विषाणूला एकेकाळी पेशीला चिकटून आत घुसायला उपयोगी पडत होतं. आज तेच प्रथिन गर्भवतीच्या वारेतल्या पेशी एकमेकींत विरघळवून एक सलग थर तयार करतं, आणि आईकडून बाळाला पोषण मिळतं ते त्या थरातून. हे २०००मध्ये उजेडात आलं. उंदरांच्या वारेत हेच काम वेगळ्याच विषाणूकडून आलेली जनुकं करतात. त्यातलं एक बंद केलं तर गर्भ पोटातच मरतो. प्रेमकथेच्या पुढच्या अंकात विषाणूचा असा हात आहे.

अशी घुसखोरी आजही चालू आहे. ऑस्ट्रेलियातल्या कोआलांमध्ये एक रेट्रोविषाणू सध्या त्यांच्या वारशात शिरतो आहे. उत्तरेकडच्या कोआलांमध्ये तो जन्मतःच असतो, दक्षिणेकडे त्याचं प्रमाण बरंच कमी आहे. ज्यांच्यात तो आहे, त्यांना रक्ताचे कर्करोग आणि संसर्ग जास्त होतात. शेकडो पिढ्यांनी तो तिथे निमूट पडून राहील की एखादं काम पत्करेल, यावर संशोधकांचं लक्ष आहे.