इंडियाना गावचा जिमी: जेम्स स्ट्यूअर्टच्या चेहऱ्यामागची गोष्ट

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात इंडियाना नावाचं एक लहान गाव आहे. तिथल्या फिलाडेल्फिया स्ट्रीटवर स्ट्यूअर्ट कुटुंबाचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, दोर, रंग, अवजारं, शेतकऱ्याला आणि सुताराला लागणारं सगळं तिथे मिळे. २० मे १९२७ रोजी चार्ल्स लिंडबर्गनं एकट्यानं विमान घेऊन न्यूयॉर्कहून पॅरिसकडे झेप घेतली, त्याच दिवशी दुकानमालकाच्या मुलाला, पुढे हॉलिवूडचा नट झालेल्या जेम्स ऊर्फ जिमी स्ट्यूअर्टला, एकोणिसावं वर्ष पूर्ण झालं. पोरानं लाकडाचं छोटं विमान बनवलं आणि दुकानाच्या शोकेसमध्ये अटलांटिकचा नकाशा मांडला. बातमी येईल तसतसं तो ते विमान पॅरिसकडे सरकवत राहिला. गाव काचेशी गोळा झालं.

चौदा वर्षांनी त्याच शोकेसमध्ये एक ऑस्कर ठेवलेलं होतं. मुलानं ते जिंकलं, वडिलांनी ते दुकानात मागवून घेतलं, आणि पुढे बरीच वर्षं ते तिथेच राहिलं.

जेम्स स्ट्यूअर्टबद्दल लिहिताना बहुतेक जण ‘साधा, सरळ, प्रामाणिक अमेरिकन माणूस’ असं म्हणून थांबतात. हे वर्णन खोटं नाही, पण अर्धं आहे. त्याच्या कारकिर्दीचे दोन स्पष्ट भाग पडतात. १९४१ पूर्वीचा स्ट्यूअर्ट आणि १९४५ नंतरचा स्ट्यूअर्ट एकाच आवाजात, त्याच अडखळत्या लयीत बोलतात, पण त्यांच्या डोळ्यांत वेगवेगळं काही दिसतं. मधल्या चार वर्षांत काय झालं ते ठाऊक नसेल तर नंतरचे चित्रपट नीट कळत नाहीत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

जन्म १९०८ चा. आई पियानो वाजवायची. एका गिऱ्हाइकाकडून पैशांऐवजी वडिलांनी ॲकॉर्डियन घेतला, तो जिमीनं आपलासा केला आणि गावातल्या एका न्हाव्याकडून वाजवायला शिकला. वडील अलेक्झांडर हे कडक आणि धार्मिक गृहस्थ. स्वतः ते दोन युद्धांत सैन्यात जाऊन आले होते, आणि त्यांच्या वडिलांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात भाग घेतला होता. त्या घरात देशासाठी वर्दी चढवणं हा चर्चेचा विषयच नव्हता. मुलाला नौदलाच्या अकादमीत जायचं होतं. वडिलांनी त्याला स्वतःच्या प्रिन्स्टन विद्यापीठात घातलं. १९३२ मध्ये तो आर्किटेक्चरची पदवी घेऊन बाहेर पडला, तेव्हा मंदीनं कळस गाठला होता. इमारती बांधतंय कोण? जोशुआ लोगन या मित्रानं त्याला केप कॉडवरच्या ‘युनिव्हर्सिटी प्लेअर्स’ या नाटकमंडळीत बोलावलं आणि तो गेला. त्या मंडळीच्या ओळखींतून नटी मार्गारेट सुलाव्हान भेटली, नट हेन्री फोंडाशी दोस्ती जुळली. न्यूयॉर्कमध्ये आणि पुढे हॉलिवूडमध्ये स्ट्यूअर्ट आणि फोंडा एकत्र राहिले. दोघांनाही विमानांची मॉडेल्स जोडायचा नाद होता. राजकारणात ते दोन टोकांना होते, म्हणून त्यांनी तो विषयच काढायचा नाही असं ठरवलं, आणि मैत्री फोंडाच्या मृत्यूपर्यंत टिकली.

१९३५ मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओनं त्याला करारावर घेतलं. मुंबईकरांना ही कंपनी परकी नाही. धोबी तलावाजवळचं, १९३८ साली उघडलेलं मेट्रो थिएटर तिनंच बांधलेलं. त्या काळच्या स्टुडिओ पद्धतीत नट हा पगारी नोकर असे. करार साधारण सात वर्षांचा. कोणत्या चित्रपटात काम करायचं, कुठल्या कंपनीला नट उसना द्यायचा, त्याच्याबद्दल वर्तमानपत्रांत काय छापून आणायचं, हे सगळं स्टुडिओ ठरवी. भूमिका नाकारली तर तेवढे दिवस पगाराविना काढायचे आणि ते करारात पुढे जोडले जायचे. एमजीएमला या सहा फूट तीन इंचांच्या हडकुळ्या पोराचं काय करायचं ते उमगत नव्हतं. सुरुवातीला तर त्यांनी त्याला एका चित्रपटात खुनी केलं, एकात गायला लावलं.

त्याचं मोल आधी बाहेरच्यांना कळलं. कोलंबिया कंपनीचा दिग्दर्शक फ्रँक काप्रा यानं त्याला उसना घेतला. ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ (१९३९) मध्ये तो भ्रष्ट सिनेटपुढे एकटा तासन् तास बोलत उभा राहतो. घसा खरोखर बसलेला वाटावा म्हणून त्यानं डॉक्टरकडून घशात पाऱ्याच्या औषधाचे थेंब घालून घेतले होते. काही सिनेटर या चित्रपटावर भयंकर चिडले. लंडनमधले अमेरिकी राजदूत जोसेफ केनेडी यांनी तर तो युरोपात दाखवूच नये असा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ आला आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. स्पर्धेत फोंडाही होता. आपण मत फोंडालाच दिलं होतं, असं स्ट्यूअर्ट सांगायचा. शोकेसमध्ये गेलं ते हेच ऑस्कर.

तोवर त्याच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. १९४० च्या अखेरीस सैन्यभरतीच्या तपासणीत वजन कमी भरलं म्हणून त्याला परत पाठवण्यात आलं होतं. कुणीही सुटलो म्हणून घरी बसलं असतं. हा माणूस स्टुडिओच्या व्यायामशिक्षकाकडे गेला, खाऊन खाऊन वजन वाढवलं, पुन्हा तपासणी करून घेतली आणि २२ मार्च १९४१ रोजी साधा शिपाई म्हणून दाखल झाला. जपानच्या ज्या हल्ल्यानं अमेरिका युद्धात ओढली गेली, त्या पर्ल हार्बरला अजून साडेआठ महिने होते. शिपायाचा पगार महिना २१ डॉलर. विमान चालवण्याचा परवाना त्याच्याकडे १९३५ पासूनच होता, त्यामुळे हवाई दलात तो लवकरच अधिकारी झाला.

वरिष्ठांना त्याला जपायचं होतं. भरतीच्या प्रचारपटात त्याचा चेहरा वापरला, नंतर आयडाहोत त्याला शिक्षक म्हणून नेमलं. चित्रपटातला तारा युद्धात मेला तर देशाचं मनोबल खचेल, हा हिशेब. तो मात्र लढाईवर पाठवा म्हणून मागे लागला. अखेर ४४५ व्या बॉम्बर ग्रुपच्या ७०३ व्या स्क्वाड्रनचा प्रमुख म्हणून नोव्हेंबर १९४३ मध्ये तो इंग्लंडला, नॉरफोकमधल्या टिबेनहॅमच्या तळावर पोचला.

त्याच्या स्क्वाड्रनचं बी-२४ लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान चालवणं म्हणजे काय होतं ते थोडं सांगायला हवं. चार इंजिनं, सुमारे दहा माणसं. आत हवेचा दाब राखलेला नाही, म्हणून तोंडाला प्राणवायूचा मुखवटा. थंडी शून्याखाली तीस-चाळीस अंश, उघड्या हातानं धातूला शिवलं तर कातडी चिकटून निघायची. अमेरिकन बॉम्बर दिवसाउजेडी जायचे. एकमेकांना चिकटून, रांग न मोडता उडायचं, आणि खालून तोफांचे गोळे फुटत असताना लक्ष्यावर बॉम्ब पडेपर्यंत वैमानिकानं वाट वाकडी करायची नाही. स्ट्यूअर्ट अशा वीस मोहिमांवर गेला. २० फेब्रुवारी १९४४ च्या, जर्मनीतल्या ब्रन्सविकवरच्या हल्ल्यातल्या नेतृत्वाबद्दल त्याला पदक मिळालं. चार दिवसांनी त्याचा ग्रुप गोथा शहरावर गेला. त्या दिवशी तो स्वतः उडाला नव्हता. गेलेल्या २५ विमानांपैकी १३ परत आली नाहीत. दुसऱ्या दिवशी तो फ्युर्टवरच्या मोहिमेवर निघाला. तोफगोळ्यानं त्याच्या विमानाच्या तळाला, कॉकपिटजवळच, भगदाड पडलं. विमान कसंबसं इंग्लंडला आलं आणि उतरताच त्याचा सांगाडा तडकला.

मार्चअखेर त्याला जवळच्याच ओल्ड बकनहॅमला ४५३ व्या ग्रुपचा मोहीम-अधिकारी केलं. (वॉल्टर मॅथाऊ, पुढचा विनोदी नट, याच ग्रुपमध्ये सार्जंट होता.) आता त्याचं काम म्हणजे पहाटे वीस-बावीस वर्षांच्या पोरांना आज कुठे जायचं ते सांगणं आणि दुपारी परतणारी विमानं मोजणं. तो स्वतः तेव्हा पस्तिशी ओलांडलेला. मार्च १९४५ मध्ये तो कर्नल झाला. चार वर्षांत शिपायाचा कर्नल.

मुलगा इंग्लंडला निघाला तेव्हा वडिलांनी त्याच्या हाती एक पत्र दिलं होतं. सोबत बायबलमधलं ९१ वं स्तोत्र. तोंडानं कधी न दाखवलेली माया त्या कडक माणसानं पत्रात लिहिली होती. ते स्तोत्र आपण युद्धभर जवळ बाळगलं, असं स्ट्यूअर्टनं पुढे सांगितलं.

१९४५ च्या शरदात तो घरी आला तेव्हा केस पांढरे होऊ लागले होते. एमजीएमशी त्यानं नवा करार केला नाही. यापुढच्या आपल्या चित्रपटांच्या जाहिरातीत युद्धातली कामगिरी वापरायची नाही, अशी अट मात्र घातली. लढाईबद्दल तो जवळपास बोललाच नाही. आणि अभिनय हा प्रौढ माणसाचा धंदा आहे का, हीच शंका त्याला छळू लागली.

त्या मनःस्थितीत काप्राचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ त्याच्याकडे आला. कर्जात बुडालेला, आत्महत्येच्या कडेला पोचलेला एका लहान गावचा माणूस ही त्यातली भूमिका. १९४६ च्या भर उन्हाळ्यात, साबणाच्या फेसाचा बर्फ पसरून चित्रीकरण झालं. एका प्रसंगात तो दारूच्या गुत्त्यात बसून हलक्या आवाजात देवाची प्रार्थना करतो. ते शब्द बोलताना स्ट्यूअर्ट खरंच रडू लागला. असं काही ठरलेलं नव्हतं. काप्राला तो क्षण जवळून दाखवायचा होता, पण कॅमेरा लांब होता आणि असं रडणं पुन्हा मागता येत नाही. मग त्यानं प्रयोगशाळेत चित्रफितीची एकेक चौकट मोठी करून घेतली. गोथा आणि फ्युर्टवरच्या मोहिमांना अडीच वर्षंही झाली नव्हती. रडण्याचं कारण त्यानं भूमिकेतल्या माणसाचं एकाकीपण हेच सांगितलं, आणि मी त्याच्या तोंडी दुसरं काही घालणार नाही. पण १९३९ च्या स्ट्यूअर्टकडे हा चेहरा नव्हता.

चित्रपट तोट्यात गेला. १९७४ मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं आणि टीव्ही केंद्रांना तो फुकट दाखवता येऊ लागला, तेव्हा कुठे तो दर नाताळात घरोघरी पोचला.

पुढची चार-पाच वर्षं खडतर गेली. मग १९५० आलं, आणि इथे स्ट्यूअर्टनं, खरं तर त्याच्या एजंटनं, हॉलिवूडचा व्यवहारच बदलायला हातभार लावला. युनिव्हर्सल कंपनीला तो ‘विंचेस्टर ’७३’ या वेस्टर्नसाठी, म्हणजे काउबॉयपटासाठी, हवा होता, पण त्याची दोन लाख डॉलरची बिदागी परवडत नव्हती. एमसीए एजन्सीच्या ल्यू वॉसरमननं तोडगा काढला: आगाऊ रक्कम नको, नफ्यात वाटा द्या. नफ्यातला वाटा पूर्वीही काही नटांना मिळाला होता, पण काळ आता वेगळा होता. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं स्टुडिओंना आपली थिएटरं विकावी लागणार हे ठरलं होतं, टीव्ही घरात शिरत होता, आणि पगारी नटांचा ताफा पोसणं कंपन्यांना जड जात होतं. चित्रपट चालला, स्ट्यूअर्टला मूळ बिदागीच्या काही पट पैसे मिळाले, आणि बाकीच्या ताऱ्यांच्या एजंटांनी हेच मागायला सुरुवात केली. आज मोठा नट निर्मात्याबरोबर भागीदारीत उतरतो त्याची एक मोठी मुळी इथे आहे.

त्या चित्रपटाचा दिग्दर्शक अँथनी मान. दोघांनी १९५५ पर्यंत आठ चित्रपट केले, त्यांतले पाच वेस्टर्न. त्यांत स्ट्यूअर्ट सूडानं पेटलेला, हात थरथरणारा, मारताना स्वतःलाच घाबरणारा माणूस आहे. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकनं पुढचं पाऊल टाकलं. ‘रिअर विंडो’त (१९५४) पाय मोडलेला फोटोग्राफर खिडकीतून शेजाऱ्यांची आयुष्यं न्याहाळतो. ‘व्हर्टिगो’त (१९५८) उंचीची भीती बसलेला डिटेक्टिव्ह मेलेल्या बाईला दुसऱ्या बाईत उभी करू पाहतो, आणि त्या हट्टात क्रूर होत जातो. प्रेक्षकांनी त्याचं थंड स्वागत केलं. त्याच ‘व्हर्टिगो’ला २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या समीक्षकांनी ‘सिटिझन केन’ला मागे सारून आजवरच्या सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत पहिलं स्थान दिलं. हे काम जमलं ते त्या साध्या, भल्या प्रतिमेमुळेच. या माणसावर विश्वास ठेवायची सवय आपल्याला आधीच लागलेली असते. म्हणून तो ढळतो तेव्हा आपल्याही पायाखालचं सरकतं.

१९५७ मध्ये त्यानं हौसेनं लिंडबर्गची भूमिका केली. पंचविशीतला वैमानिक रंगवायला तो फारच थोराड होता आणि चित्रपट पडला. शोकेसमधलं ते लाकडी विमान आठवलं की हा हट्ट मला समजतो.

हवाई दलाच्या राखीव दलात तो राहिलाच. १९५९ मध्ये ब्रिगेडियर जनरल झाला आणि १९६६ मध्ये निरीक्षक म्हणून बी-५२ बॉम्बरमधून व्हिएतनामवर गेला. १९४९ मध्ये त्यानं ग्लोरियाशी लग्न केलं होतं. तिची दोन मुलं त्यानं आपली मानली आणि १९५१ मध्ये जुळ्या मुली झाल्या. ग्लोरियाचा थोरला मुलगा मरीन अधिकारी म्हणून १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. स्ट्यूअर्ट त्या युद्धाचा समर्थक होता आणि मुलाच्या मृत्यूनंतरही तो आपल्या मतावरून हलला नाही. अनेकांना ते पटलं नाही. मलाही सोपं वाटत नाही, पण त्या घराचा इतिहास पाहता नवल वाटत नाही.

वडील १९६१ च्या अखेरीस वारले. दुकान आज नाही. गावात स्ट्यूअर्टचा पुतळा आहे, १९९५ पासून संग्रहालय आहे, जिल्ह्याच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. १९९४ मध्ये ग्लोरिया गेली आणि त्यानंतर तो घराबाहेर फारसा दिसलाच नाही. २ जुलै १९९७ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, तो वारला. कॅलिफोर्नियात ग्लेंडेलच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत त्याची कबर आहे. तिच्यावर चित्रपटांचा उल्लेख नाही. वडिलांनी दिलेल्या ९१ व्या स्तोत्रातली एक ओळ आहे: तुझ्या सगळ्या वाटांवर तुला सांभाळण्याची आज्ञा तो आपल्या दूतांना देईल, अशा अर्थाची.