मुखकर्करोगातील शस्त्रक्रियापूर्व केमोथेरपी

गाल, हिरडी, जीभ इ. भागांतील पुढच्या टप्प्याला गेलेल्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी औषधे देऊन गाठ आटवण्याची पद्धत. सलाइनमधून दर तीन आठवड्यांनी एक याप्रमाणे बहुधा दोन किंवा तीन सायकली (औषधांच्या फेऱ्या) दिल्या जातात.

या पद्धतीस ‘इंडक्शन’ व ‘निओअ‍ॅडज्युव्हंट’ अशी दोन नावे आहेत. दुसरे नाव अमेरिकन कर्करोगतज्ज्ञ एमिल फ्राय यांनी १९८२ च्या सुमारास रूढ केले, असे सामान्यतः मानतात; पद्धत मात्र त्याआधीची दिसते. काटेकोर लेखक पुढे रेडिएशन द्यायचे असल्यास पहिला आणि शस्त्रक्रिया करायची असल्यास दुसरा शब्द वापरतात. शोधनिबंधांत हा भेद क्वचितच पाळला जातो, त्यामुळे स्वरयंत्र वाचवण्यासाठी झालेल्या, म्हणजे पुढे रेडिएशन असलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष मुखकर्करोगाला लावण्याची चूक होते.

खरा वाद फायद्याविषयी आहे. औषधाने गाठ आटते, याबद्दल दुमत नाही. रुग्ण त्यामुळे अधिक जगतो का, हा प्रश्न आहे. मिलान येथील प्रयोगात (२००३) शस्त्रक्रिया शक्य असलेल्या १९५ रुग्णांपैकी निम्म्यांना आधी सिस्प्लॅटिन व फ्लुओरोयुरॅसिल ही केमोची औषधे दिली. आयुर्मानात फरक पडला नाही. खालच्या जबड्याचे हाड कापावे लागण्याचे प्रमाण मात्र ५२ वरून ३१ टक्क्यांवर आले. शांघाय येथील प्रयोगात (२०१३) २५६ रुग्ण होते व वरील दोन औषधांना डोसेटॅक्सेलची जोड होती. सुमारे ८० टक्के गाठी लक्षणीय आटल्या, तरीही एकूण आयुर्मान दोन्ही गटांत सारखेच राहिले. म्हणून जी गाठ आजच नीट काढता येते, ती आधी काढावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गाठ काढता येत नसेल तेथे गणित बदलते. ‘काढता न येणारी’ म्हणजे कोणती, यावरही एकमत नाही. २००२ च्या टप्पेवारीत टी-४ चे, म्हणजे आसपासच्या भागांत शिरलेल्या सर्वांत पुढच्या गाठींचे, ‘अ’ व ‘ब’ असे भाग पडले आणि चावण्याच्या स्नायूंच्या कप्प्यात शिरलेली गाठ ‘ब’मध्ये गेली. भारतात तंबाखू, खर्रा, मावा गालात धरून ठेवण्याच्या सवयीने कर्करोग बहुधा गाल व हिरडीच्या सांध्यात होतो. तेथून या कप्प्याचे अंतर थोडेच. गाठ त्यात शिरली की तोंड तीन बोटे उघडायचे ते एक बोटही उघडेनासे होते. जबड्याच्या वरच्या टोकाजवळील खाचेच्या खाली राहिलेली गाठ बरेच सर्जन काढता येण्याजोगी मानतात, खाचेच्या वर गेलेली तशी मानत नाहीत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१४ मध्ये अशा ७२१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. केमोनंतर सुमारे ४३ टक्के गाठी शस्त्रक्रियेजोग्या झाल्या, आणि शस्त्रक्रिया झालेले रुग्ण इतरांपेक्षा बरेच अधिक जगले. मात्र हा तौलनिक प्रयोग नव्हता. ज्यांची गाठ औषधाला दाद देते त्यांच्या रोगाची वाटचाल मुळातच बरी असू शकते.

दुष्परिणाम इतर कर्करोगांच्या केमोत होतात तेच. फ्लुओरोयुरॅसिलने तोंड सोलवटते, आणि आधीच पातळ अन्नावर असलेल्या माणसाला नाकातून नळी घालावी लागते. पांढऱ्या पेशी घटल्यावर येणारा ताप जीवघेणा ठरू शकतो.

सर्जनपुढील एक अडचण संदर्भग्रंथांत थोडक्यातच येते. काही गाठी सर्व बाजूंनी आत येत आटतात, तर काही मधूनमधून विरतात आणि निरोगी दिसणाऱ्या त्वचेखाली पेशींची बेटे मागे राहतात. त्यासाठी पहिल्या सायकलीआधी गाठीच्या कडेने शाईचे ठिपके गोंदवतात. दोन महिन्यांनी गाल मऊ पडलेला असतो, ठिपके तेवढे जागेवर असतात. कापायचे ते ठिपक्यांच्या बाहेरून की नव्या कडेवरून? रूढ मत जुन्या सीमेच्या बाजूचे आहे. जबडा वाचवू पाहणारे हाडापुरती सूट घेतात.