एकाच सर्व्हरवर अनेक डेटाबेस : मेमरीचे नियोजन

वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारे डेटाबेस एका यंत्रावर आणताना त्या यंत्राला एकूण किती मेमरी लागेल आणि त्यातली कोणाच्या वाट्याला किती द्यायची, हे आधीच ठरवण्याचे काम. जुनी यंत्रे बदलायला आली, कोअरवर मोजले जाणारे परवाने परवडेनासे झाले किंवा सर्व्हर-खोलीतल्या एसीचे बिल डोईजड झाले, की संस्था अशा एकत्रीकरणाकडे वळतात. प्रोसेसर किंवा डिस्कवर ताण आला तर काम मंदावते. मेमरी संपली तर मात्र लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एखादी प्रक्रिया थेट मारून टाकतो. पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीत जोडणीची, म्हणजे डेटाबेसशी जोडल्या गेलेल्या एका ग्राहकाची, एक प्रक्रिया अशी मेली तरी मुख्य प्रक्रिया त्या डेटाबेसच्या सगळ्या जोडण्या तोडून नव्याने उभी राहते. म्हणून या कामात मेमरीचा हिशेब सर्वांत आधी मांडावा लागतो.

डेटाबेसची मेमरी दोन प्रकारची असते. पहिली सामायिक : डिस्कवरून आणलेली पाने (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) जिथे ठेवली जातात तो भाग. ऑरॅकलमध्ये याला एसजीए म्हणतात, पोस्टग्रेसमध्ये शेअर्ड बफर्स, मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी बफर पूल. हा आकडा आपण ठरवतो आणि तो साधारण तिथेच राहतो. दुसरी खासगी : प्रत्येक जोडणी क्रमवारी लावताना किंवा तक्ते जोडताना घेते ती. ही कामानुसार फुगते, आणि नियोजन फसते ते बहुतेक वेळा इथेच. पोस्टग्रेसमधले ‘वर्क मेम’ मूळ ४ एमबी असते. ते जोडणीमागे एकदा लागू होते असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते प्रत्येक क्रमवारीला वेगळे लागू होते. ते ६४ एमबी केले आणि १०० जोडण्यांनी एकाच वेळी दोन-दोन क्रमवाऱ्या लावल्या, तर १२.५ जीबी उडाली. ऑरॅकलमध्ये या खासगी मेमरीला पीजीए म्हणतात; तिचे ‘टार्गेट’ हे नुसते उद्दिष्ट असते आणि ते ओलांडले जाऊ शकते. कडक मर्यादा घालण्याची सोय १२सी आवृत्तीत, म्हणजे २०१३ मध्ये आली.

डेटाबेसच्या माहितीपुस्तिकांतले ठोकताळे एका यंत्रावर एकच डेटाबेस आहे असे धरून लिहिलेले असतात. पोस्टग्रेससाठी एकूण मेमरीच्या २५ टक्के हा आकडा सुचवला जातो. चार पोस्टग्रेस एकत्र आणून प्रत्येकाला २५ टक्के दिले, तर सामायिक भागातच सगळी मेमरी संपते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची कमाल मेमरी मुळात २,१४,७४,८३,६४७ एमबी असते, म्हणजे मर्यादा नाहीच. अशी दोन इन्स्टन्स (स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रती) एका यंत्रावर ठेवायची तर पहिल्याच दिवशी दोघांना मर्यादा घालून द्यावी लागते.

जुन्या सर्व्हरांच्या मेमरीची नुसती बेरीज करणेही चूक. तिथे किती बसवली होती यापेक्षा गर्दीच्या वेळी किती वापरली गेली हे महत्त्वाचे. गोव्यात ही गर्दीची वेळ ओळखणे जिकिरीचे असते. कळंगुट पट्ट्यातल्या एखाद्या हॉटेल-समूहाने जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे पावसाळ्यात, महिनाभर मोजमाप केले तर हाती येणारे आकडे डिसेंबरसाठी कुचकामी असतात. समजा, या समूहाचे चार डेटाबेस १२८ जीबीच्या एका यंत्रावर आणायचे आहेत आणि चारही पोस्टग्रेसवर आहेत. सामायिक भाग बुकिंगला ४०, हिशेबाला २४, पगार आणि भांडार यांना प्रत्येकी ८ : एकूण ८० जीबी. खासगी मेमरीसाठी कोणीही सहज म्हणेल, की बुकिंगची गर्दी वेगळ्या वेळी, पगाराची वेगळ्या, तेव्हा सरासरी धरू. पण ३१ डिसेंबर आठवून पाहावा. त्या दिवशी नववर्षाच्या पाहुण्यांनी सगळ्या खोल्या भरतात, तोच महिन्याचा आणि तिमाहीचा शेवटचा दिवस, आणि पगारही तेव्हाच निघतात. चौघांची शिखरे एकावर एक येतात. म्हणून सरासरी बाजूला ठेवून बुकिंगला ५, हिशेबाला १६, पगाराला ४ आणि भांडाराला १ असे २६ जीबी धरावे लागतात. ऑपरेटिंग सिस्टिम, बॅकअप आणि देखरेखीची साधने यांना १० दिल्यावर उरतात १२ जीबी. पोस्टग्रेस कर्नलच्या पेज कॅशवरही (फायलींचा वाचलेला भाग कर्नल जिथे ठेवतो ती मेमरी) बरेच विसंबून असते आणि ती याच १२ जीबीत बसवायची आहे. कागदावर हे जमते, पण जेमतेम. अशा वेळी १९२ जीबीचे यंत्र मागावे. कमी मागून नंतर ऐन हंगामात यंत्र बंद ठेवून मेमरी वाढवणे फार महागात पडते.

लिपीचाही परिणाम होतो. यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, मात्रा-अनुस्वारासह, ३. ‘फोंडा’ हे नाव रोमनमध्ये ५ बाइटांत मावते, देवनागरीत त्याला १५ लागतात. मराठी-कोंकणी नोंदी जुन्या एकबाइटी फॉन्टमध्ये साठवलेल्या असतील आणि एकत्रीकरणाच्या निमित्ताने त्या युनिकोडमध्ये आणायच्या असतील, तर आधी तेवढा मजकूर रूपांतरित करून मोजावा आणि मगच सामायिक भागाचा आकडा ठरवावा.

सर्वाधिक दुर्लक्षित खर्च पेज टेबलांचा, म्हणजे कोणते पान मेमरीत कुठे आहे याच्या नोंदवह्यांचा. लिनक्स मेमरीची ४ केबीची पाने पाडतो आणि प्रत्येक पानासाठी ८ बाइटांची नोंद ठेवतो. पोस्टग्रेस आणि लिनक्सवरचे ऑरॅकल यांत साधारणपणे प्रत्येक जोडणी ही स्वतंत्र प्रक्रिया असते, त्यामुळे ही नोंदवहीही प्रत्येकीची वेगळी. वरच्या उदाहरणात ४० जीबीची १,०४,८५,७६० पाने होतात. त्यांची नोंदवही ८० एमबीची. बुकिंगच्या ३०० जोडण्यांनी हा सगळा भाग हाताळला तर नोंदवह्यांतच २३ जीबीहून अधिक जातात, आणि आपल्याकडे शिल्लक होते १२. यावर उपाय २ एमबीची मोठी पाने, म्हणजे ह्यूजपेजेस. त्यांनी हाच खर्च सुमारे ४७ एमबीवर येतो. ऑरॅकल ११जी मध्ये आलेले, एसजीए-पीजीए आपोआप वाटून घेणारे ‘मेमरी टार्गेट’ मात्र ह्यूजपेजेसबरोबर चालत नाही; एकत्रीकरणात ते बंदच ठेवावे.

ह्यूजपेजेस आधी राखून ठेवावी लागतात आणि राखलेली मेमरी दुसऱ्या कशालाही वापरता येत नाही. आता ८० जीबीसाठी बरोबर ४०,९६० पाने राखली असे धरू. पोस्टग्रेसचा प्रत्यक्ष सामायिक भाग शेअर्ड बफर्सच्या आकड्यापेक्षा थोडा मोठा असतो, त्यामुळे ही पाने थोडी कमीच पडतात. जूनमध्ये गडगडाटी पावसात वीज जाते, यूपीएस संपतो, यंत्र पुन्हा सुरू होते आणि चारही डेटाबेस उठतात. बुकिंगचा क्रम शेवटी लागला तर त्याला हवी तितकी मोठी पाने मिळत नाहीत. मोठ्या पानांबाबत पोस्टग्रेसची मूळ मांडणी ‘ट्राय’ (मिळाली तर वापर) असल्याने तो तक्रार न करता संपूर्ण ४० जीबी साध्या पानांत घेतो. राखलेले जवळजवळ ४० जीबी रिकामे पडून राहतात आणि साध्या ४८ जीबीतले ८ उरतात. पावसाळ्यात पाहुणे कमी असल्याने ते कोणाच्या लक्षातही येत नाही; डिसेंबरच्या गर्दीत मात्र ते ८ जीबी पुरत नाहीत. १५व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस स्वतःच किती मोठी पाने लागतील ते सांगतो; म्हणून तो आकडा चौघांकडून घेऊन थोडी जास्तच पाने राखावीत आणि मांडणी ‘ट्राय’ऐवजी ‘ऑन’ करावी. ऑरॅकलमध्ये यासाठी ‘ओन्ली’ आहे. मग पाने कमी पडली तर डेटाबेस उठतच नाही, आणि चूक जूनच्या त्या रात्रीच कळते.